पंधरा वॉट पुरे

माझ्या ॲम्पचं वजन आम्ही रद्दीवाल्याकडे केलं. आग्रह बाबांचा. पाटबंधारे खात्यात नोकरी काढलेल्या माणसाला ‘फार जड आहे’ एवढं पुरत नाही, त्याला आकडा लागतो. म्हणून एका शनिवारी सकाळी आम्ही दोघांनी माझा गिटारचा ॲम्प्लिफायर विश्रांतवाडीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली आणला. बाबा पुढे, उलटे चालत, मी मागे, प्रत्येक मजल्यावर एक थांबा. इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टसाठी जागा मात्र सोडलेली आहे, तिथे सायकली असतात.

कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याने काट्यावर ठेवून आकडा सांगितला. सत्तावीस किलो. मग त्याने ॲम्पच्या जाळीवर प्रेमाने हात फिरवला.

“लोखंड बरं निघेल यातून.”

“विकायचा नाहीये,” बाबा म्हणाले. “फक्त वजन पाहिजे होतं.”

“विकायचा नाही, मग वजन कशाला?”

याचं उत्तर बाबांकडे होतं, पण ते मुद्देसूद आणि लांब असणार होतं. तेवढ्यात एक बाई वर्तमानपत्रांचे गठ्ठे घेऊन आल्या आणि रद्दीवाला सुटला. आम्ही ॲम्प परत तिसऱ्या मजल्यावर नेला. वर पोचल्यावर बाबा पलंगाच्या कडेला बसले आणि उजवा गुडघा दोन्ही हातांत धरून म्हणाले, “आख्ख्या नोकरीत एवढं वजन नाही उचललं मी.”

मी काहीच बोलले नाही. मी बहुतेक वेळा काहीच बोलत नाही. पण हा ॲम्प बदलायचा, हे त्या क्षणी ठरलं. तसं बदलण्याचं खरं कारण गुडघा नव्हता. खरं कारण मी घरी सांगितलंच नव्हतं.

आम्ही चौघं मिळून एक बँड चालवतो. स्वतःची गाणी नाहीत. लोकांना आधीच आवडलेली गाणी आम्ही पुन्हा वाजवतो. हॉटेलात, कंपन्यांच्या वार्षिक समारंभांत, सोसायट्यांमध्ये. याला कव्हर बँड म्हणतात. आमचा गायक ‘लाइव्ह एक्स्पीरियन्स’ म्हणतो. तो एका मोठ्या कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे. लोकांना कामावरून काढायची वेळ आली की ते काम त्याच्याकडे येतं, आणि त्याची एक पद्धत आहे: ज्याला काढायचं त्याचं तो आधी भरपूर कौतुक करतो. त्याने मनापासून स्तुती केलेला माणूस मी दुसऱ्या महिन्यात कधी पाहिलेला नाही. आमच्या आधीच्या कीबोर्डवाल्याला तो “तुझ्यासारखा मनुष्य मिळणं अवघड” म्हणाला होता. खरंच अवघड झालं. तो परत दिसला नाही.

ड्रमर दातांचा डॉक्टर आहे. सदाशिव पेठेत पहिल्या मजल्यावर त्याचा दवाखाना आहे. रविवारी दुपारी पेशंट नसतात, तेव्हा बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या सरकवून आम्ही तिथे सराव करतो. माझी जागा कोपऱ्यात. समोरच्या भिंतीवर दात किडण्याच्या चार अवस्था दाखवणारं चित्र आहे. दोन वर्षं मी प्रत्येक सोलो चौथ्या अवस्थेतल्या दाढेकडे बघत वाजवत आले. चौथा आमचा बेसवाला. तो क्लासमध्ये अकरावी-बारावीला गणित शिकवतो आणि आठवडाभराचं बोलणं तिथेच संपवून येतो.

आता त्या ‘जरा कमी कर’बद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथून सुरू झालं.

सराव सुरू झाला की प्रत्येकाला स्वतःचं वाद्य कमी ऐकू येतं. मग प्रत्येक जण हळूच आवाज वाढवतो. पाचव्या मिनिटाला गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येईनासा होतो आणि तो मागे वळून म्हणतो, “जरा कमी कर.” कोणाला म्हणतो ते सांगत नाही. पहिल्यांदा बेसवाला वाकतो. गुरुजनांच्या पायांना लांबूनच हात लावावा तसा तो बटणाला बोटं लावतो, क्षणभर थांबतो, आणि बटण होतं तिथेच ठेवून उभा राहतो. गायक मान डोलावतो. “हां, आता बरोबर.” डॉक्टर काठ्या टोकाऐवजी जरा मधोमध धरल्यासारखं करतो आणि पुढच्या ओळीला तितक्याच जोरात हाणतो. त्यालाही “हां, आता बरोबर.”

हे मला पहिल्याच महिन्यात दिसलं होतं. मला असल्या गोष्टी दिसतात. बोलत नसलं की डोळ्यांना वेळ मिळतो. पण दिसणं वेगळं आणि करणं वेगळं. ‘जरा कमी कर’ म्हटलं की मी खरंच कमी करायची. चौघांत मी एकटीच. असं करत करत माझा ॲम्प चारवरून तीनवर, तीनवरून दोनवर आला आणि शेवटी एकवर स्थिरावला. शंभर वॉटचा, सत्तावीस किलोंचा ॲम्प, एकवर.

याची सवय जुनी आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथल्या गाण्याच्या मिसने मला पहिल्याच वर्षी दुसऱ्या रांगेत उभं केलं आणि इंग्रजीत हळूच सांगितलं की तू नुसते ओठ हलवलेस तरी चालेल. माझे ओठ पुढची दहा वर्षं उत्तम हलले. रविवारी विहारात वंदनेला बसायचो तिथेही तसेच. शेजारच्या मावशी आईला म्हणायच्या, “तुमच्या मुलीचं पाठांतर काय स्वच्छ आहे!” पाठांतर खरंच स्वच्छ होतं. ऐकलं मात्र कोणीच नव्हतं. त्या शाळेने मला दिलेलं सर्वांत उपयोगी वाक्य ‘इट्स ओके’. ते मी आजही तिन्ही भाषांत वापरते.

तो मोठा ॲम्पसुद्धा मी ‘इट्स ओके’ म्हणूनच घेतला होता. नोकरी लागल्यावर गायक आणि डॉक्टर मला एका चकचकीत शोरूममध्ये घेऊन गेले. तिथे तीन मुलं एकाच वेळी तीन गिटारी वाजवत होती, आणि तिघं मिळून एकच धून तीन वेगांत. विक्रेता म्हणाला, “मॅम, वाजवून बघा ना.” मी म्हटलं, इट्स ओके. एवढ्या लोकांत वाजवायचं कसं? डॉक्टर म्हणाला, “घ्यायचा तर मोठाच घे. पुढे प्रश्न नको.” मोठा घेतला. प्रश्न पुढेच आले.

खरं कारण सांगायचं राहिलं. रद्दीवाल्याकडे जायच्या आदल्या रविवारी, सराव संपल्यावर, गायक माझ्याजवळ येऊन बसला. गिटार खोळीत घालायला मदत केली. हे आधी कधी घडलं नव्हतं.

“तुझं टायमिंग ना,” तो म्हणाला, “इतकं सुंदर आहे. आणि तुझा ॲटिट्यूड! ईगो नाही. अशी टीम प्लेअर मिळत नाही ग.”

मला आधीचा कीबोर्डवाला आठवला.

“इट्स ओके,” मी म्हटलं.

“नाही, खरंच. बरं, एक छोटीशी गोष्ट. मी लॅपटॉपवर ट्रॅक घेऊन ठेवलेत. बॅकअप म्हणून. त्यात गिटार आहेच. म्हणजे तुझ्यावर प्रेशर नको. मांजरी गावातल्या त्या सोसायटीच्या कार्यक्रमात बघू, ऐकू येतेस का. नाही आलीस तर मी ट्रॅक वर करीन, कोणाला कळणारही नाही. परवा बाणेरला एकाने विचारलं मला, ती मुलगी खरंच वाजवते का नुसती उभी असते?”

तो हसला. मीही हसले. ओठ हलवायची सवय होतीच.

म्हणजे मुदत मिळाली होती. मांजरीचा कार्यक्रम तीन आठवड्यांवर होता. तिथे ऐकू आले तर बँडमध्ये, नाहीतर लॅपटॉप. आणि लॅपटॉप दीड किलोंचा असतो.

उपाय सगळ्यांनी एकच सांगितला. गायक म्हणाला, याहून पॉवरफुल ॲम्प घे. डॉक्टर म्हणाला, दोन घे, दोन्ही बाजूंना ठेव. बेसवाल्याने फक्त माझ्या ॲम्पच्या बटणाकडे पाहिलं आणि मग छताकडे. मी घरी येऊन बाबांना एवढंच सांगितलं की ॲम्प बदलायचा विचार आहे, म्हणतात मोठा घ्यावा.

“याच्याहून मोठा?” बाबा म्हणाले. “काहून? अन् उचलणार कोण?”

यानंतर ते वजन झालं. आणि वजन झाल्यावर बाबांनी तुलनात्मक तक्ता केला. खात्यात तीन पर्यायांची तुलना केल्याशिवाय टाचणीसुद्धा येत नसे, हे ते अभिमानाने सांगतात. टाचणी यायला किती दिवस लागत ते सांगत नाहीत. मी इंटरनेटवरून सात लहान ॲम्प शोधून दिले. बाबांनी पट्टीने रेघा मारून रकाने पाडले: वजन, उंची, रुंदी, जिन्याच्या वळणावर फिरतो काय, एका हाताने उचलतो काय, शेरा. आवाजासाठी रकाना नव्हता.  मलाही सातांपैकी एकाचाही आवाज माहीत नव्हता. मी फक्त त्यांचे फोटो पाहिले होते आणि परदेशातल्या दाढीवाल्या माणसांनी त्यांना दिलेले तारे मोजले होते.

चकचकीत शोरूममध्ये मला परत जायचं नव्हतं. बेसवाल्याने, न बोलता, एका कागदाच्या चिटोऱ्यावर कसबा पेठेतल्या दुकानाचा पत्ता लिहून दिला. तबल्याला शाई लावणाऱ्यांच्या ओळीत ते दुकान आहे. पुढे पेट्या दुरुस्त होतात, मागे ॲम्प आणि स्पीकर. गाडी तिथे जात नाही. आम्ही पुलापाशी लावून चालत गेलो. बाबांच्या हातात फाइल होती.

दुकानदार साठीचे. चष्मा कपाळावर, दुसरा चष्मा डोळ्यांवर. समोर एक आजोबा आपल्या पेटीचा भाता शिवून व्हायची वाट बघत बसले होते.

“काय हवंय?”

“लहान ॲम्प,” मी म्हटलं.

“किती लहान?”

“दहा किलोच्या आतला,” बाबांनी फाइल उघडली.

“काका, भाजी नाही ती.” दुकानदार माझ्याकडे वळले. “वाजवणार कोण?”

“ही वाजवते,” बाबा म्हणाले.

“मग तुम्ही बाकावर बसा.”

चाळीस अभियंत्यांना ज्यांनी उभं ठेवलं होतं ते बाबा बाकावर पेटीवाल्या आजोबांशेजारी जाऊन बसले. दुकानदारांनी दोन ॲम्प पुढे ओढले. एक पाच वॉटचा, टिफिनएवढा. दुसरा पंधरा वॉटचा, नऊ किलोंचा, वर धरायला चामड्याची मूठ. भिंतीवरची एक गिटार काढून माझ्या हातात दिली.

“वाजवा.”

“नाही, ठीक आहे. छान आहे हा.”

“काय छान आहे? अजून चालू नाही केला.”

“म्हणजे... दिसायला.”

“दिसायला छान हवं असेल तर पलीकडे तांबट आळी आहे. समई घ्या.”

बाकावरचे आजोबा खुसखुसले. मी ॲम्पची मूठ धरून उचलून पाहिली. एका हाताने उचलला. बाबांनी बाकावरूनच रकान्यात खूण केली.

“हा द्या,” मी म्हटलं.

“देत नाही.”

“का?”

“न वाजवता विकत नाही मी. लोक घरी नेतात, आठ दिवसांनी आणतात, ‘आवाज आवडला नाही.’ आवाज कसला? यांनी कधी ऐकलेलाच नसतो.”

“अहो, गिऱ्हाईक घ्यायला तयार आहे,” बाबा उठलेच, “अन् तुम्ही देत नाही म्हणता?”

“आपण बसा. नियम आहे दुकानाचा.”

नियम म्हटल्यावर बाबा बसले. नियमाबद्दल त्यांना आदर आहे.

दुकानदारांनी मला विचारलं, “आत्ता कोणता वापरता?” मी सांगितलं. “शंभर वॉट. कुठे वाजवता, मैदानात?” मी म्हटलं, दाताच्या दवाखान्यात. त्यांनी डोळ्यांवरचा चष्माही कपाळावर ढकलला. “आणि कितीवर ठेवता?”

“एकवर.” मग मला खोटं बोलल्यासारखं वाटलं. “कधी कधी एकच्या जरा खाली.”

 मी वळून पाहिलं तर बाबा माझ्याकडे बघत होते आणि त्यांचा हात आपोआप उजव्या गुडघ्यावर गेला होता.

“एकवर तो झोपलेला असतो,” दुकानदार म्हणाले. “त्याला जागं व्हायलाच चार लागतात, आणि चारवर तुमचे शेजारी पोलिसात जातील. पंधरा वॉटचा सहावर ठेवा, तो जागा असतो. आणि ठेवता कुठे?”

“जमिनीवर. माझ्या मागे.”

“गायक कुठे असतो?”

“माझ्या पुढे, डावीकडे.”

“म्हणजे इतके दिवस तुम्ही त्याच्या पोटऱ्यांना गिटार ऐकवताय. कान वर असतात. स्टुलावर ठेवा, तोंड वर करा. हं. वाजवा आता.”

दुकानात चार माणसं होती. मी मोजली. दुकानदार, त्यांचा कारागीर, आजोबा, बाबा. मी दार बंद करता येईल का ते बघितलं. दुकानाला दारच नव्हतं, शटर होतं. मग मी भिंतीकडे तोंड केलं. समोर किडलेली दाढ नव्हती, एका तंबोऱ्याचा भोपळा होता. मांजरीला वाजवायचा होता तोच सोलो सुरू केला.

ॲम्प तीनवर होता. दुकानदारांनी मागून हात घालून चार केला, मग पाच, मग सहा. सहावर तो आवाज मला पहिल्यांदा भेटला. जाड, थोडा खरखरीत, पण माझाच. बोट तारेवर सरकताना होणारी किरकिरसुद्धा ऐकू येत होती. शेवटच्या ओळीत मी नेहमीप्रमाणे घाई केली आणि एक सूर गडगडला.

थांबले तेव्हा बाहेर कोणीतरी शाई घोटत होतं, तेवढाच आवाज.

“शेवटचं परत वाजवा,” बाकावरचे आजोबा म्हणाले. “ते चुकलं.”

मला इतका आनंद झाला की काय सांगू! ती चूक मी दोन वर्षं करत होते. दवाखान्यात, बाणेरला, कंपन्यांमध्ये, एका बारशात. कोणी कधी दाखवली नव्हती. मला वाटायचं, लोक सभ्य आहेत.

मी परत वाजवलं. परत चुकलं. आजोबा म्हणाले, “घाई.” मग त्यांची पेटी तयार झाली.

बाबा बाकावरून उठून जवळ आले. घरी मी कानांत हेडफोन घालून वाजवते आणि कार्यक्रमांना ते मागे पार्किंगजवळ उभे असतात, परतीच्या वजनासाठी.

“हे तू वाजवलं?”

“हो.”

“मग कार्यक्रमात कोण वाजवते?”

आम्ही पंधरा वॉटचा घेतला. पाचवाला डॉक्टरच्या ड्रमपुढे टिकला नसता. दुकानातून पुलापर्यंत तो मी एकटीने उचलून नेला. बाबा रिकाम्या हातांनी चालत होते आणि आपले हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. घरी तक्त्यात त्यांनी शेरा लिहिला: ‘आवाज आहे.’

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण पुढच्या रविवारी मी ॲम्प दवाखान्यात नेला, वेटिंग रूममधल्या मासिकांच्या स्टुलावर ठेवला, आणि डॉक्टर म्हणाला, “अरे वा, दुधाचा दात आणलास.”

“क्यूट आहे ग,” गायक म्हणाला. लॅपटॉप त्याच्या उजव्या हाताशी उघडा होता. “मोठा घेणार होतीस ना? बरं, इट्स ओके.”

माझंच वाक्य त्याने मला परत दिलं. सराव सुरू झाला. ॲम्प सहावर होता. पाचव्या मिनिटाला गायक वळला, “जरा कमी कर,” आणि माझा हात जाऊन बटण दोनवर आणून परतही आला. मला कळायच्या आत. बेसवाल्याने वाकून आपल्या बटणाला नमस्कार केला आणि माझ्याकडे पाहिलं, गणितात सोपी बेरीज चुकलेल्या मुलाकडे बघावं तसं.

ॲम्प लहान घेतला होता. हात तोच होता.

मांजरीचा कार्यक्रम रविवारी सकाळी अकराला. ऊस काढलेल्या शेतांना लागून सात इमारतींची नवी सोसायटी, तिचा वर्धापनदिन. मी स्कूटरवर पायांशी ॲम्प ठेवला. मागे बाबा, पाठीवर गिटार, हातात आमच्या स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल. मुंढव्याच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं, “काका, घर बदलताय का?” बाबा म्हणाले, “हो, हप्त्याहप्त्याने.”

क्लबहाउसमध्ये ट्रेडमिल भिंतीला लावून सतरंज्या घातल्या होत्या. सेक्रेटरी काकांनी आमचं स्वागत मोबाइल दाखवून केलं. त्यात आवाज मोजायचं ॲप होतं.

“हिरवं असेल तोवर चालू द्या. पिवळं झालं की मी एक हात वर करणार. लाल झालं की दोन्ही. मग बंद.”

“सर, हे ड्रम आहेत,” डॉक्टर म्हणाला.

“मी काही म्हणालो का? ॲप म्हणेल.”

त्यांनी गाण्यांची यादीही दिली. एक भक्तिगीत, दोन जुनी हिंदी, एक नवं हिंदी, एक मराठी, एक इंग्रजी ‘पण स्वच्छ’, आणि मध्ये अध्यक्षांच्या नातवाचा वाढदिवस. माझा सोलो इंग्रजीत होता.

भक्तिगीताच्या दुसऱ्या ओळीलाच काकांचा एक हात वर गेला. गायक वळून म्हणाला, “जरा कमी करा सगळे.” बेसवाला वाकला, उठला. डॉक्टरने काठ्या मधोमध धरल्या. मी सहाचे चार केले. काकांनी ॲपकडे पाहिलं, समाधानाने हात खाली घेतला. आवाज तेवढाच होता. फक्त गिटार गेली होती. जुनी हिंदी झाली, मराठी झालं, केक कापला. गायक मधूनमधून मागे पाहायचा, मग लॅपटॉपकडे. बाबा सगळ्यात मागे, ट्रेडमिलला टेकून उभे होते. आज न्यायला वजन नव्हतं, तरी मागेच.

इंग्रजी गाणं सुरू झालं. सोलोच्या आधीच्या ओळीला गायक, गात गातच, लॅपटॉपकडे सरकला. त्याचं बोट बटणावर गेलेलं मला दिसलं. पुढच्या चार ठोक्यांत तो मला वर करणार होता. म्हणजे मी नसलेल्या मला. आणि हे कोणाला कळणारही नव्हतं, तो खरंच बोलला होता.

मी मागे वळले आणि चारचे सात केले.

सोलो सुरू झाला तेव्हा स्टुलावरून तो आवाज थेट गायकाच्या डाव्या कानात गेला. तो दचकून वळला. बोट लॅपटॉपवरून निघालं. पहिल्या रांगेतली दोन लहान मुलं आईच्या मांडीवरून उठून बसली. कुठली तरी दाढ शोधत होते मी, पण समोर सतरंजीवर नुसती माणसं होती, आणि ती माझ्याकडे बघत होती. सेक्रेटरी काकांचा हात वर गेला.

“जरा कमी कर!” गायक ओरडला. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याला ते खरंच म्हणायचं होतं.

सोलोच्या मधोमध एक सूर लांबवायचा असतो, डाव्या हाताने धरून. उजवा हात मोकळा होतो. मी वाकले. बटणाला बोटं लावली. अदबीने. एक ठोका थांबले. गायकाकडे पाहिलं, अगदी नम्रपणे. आणि हात काढून घेतला.

गायकाने मान डोलावली. “हां, आता बरोबर.”

काकांनी ॲपकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हात खाली घेतला. बेसवाला हसला. त्याला दात आहेत हे मला त्या दिवशी कळलं. मी सातवरच राहिले, शेवटच्या ओळीला घाई केली, आणि तो सूर आख्ख्या क्लबहाउसभर गडगडला.

सामान आवरताना गायक माझ्यासमोर येऊन उभा राहिला. खोळ धरायला आला नाही.

“शेवटी काय केलंस ते? घाई करतेस तू. आणि किती लाऊड! पुढच्या रविवारी अर्धा तास लवकर ये, आधी ते सुधार.”

टायमिंगबद्दल एक चांगला शब्द नाही. ॲटिट्यूडबद्दल तर नाहीच. मी मान खाली घालून ऐकून घेतलं, कारण मला हसू आवरत नव्हतं.

परतताना बाबा मागे बसले होते, मांडीवर स्टूल. मुंढव्याच्या सिग्नलला त्यांनी स्टूल दुसऱ्या मांडीवर घेतलं. मग पुढे वाकून म्हणाले, “शेवटी चुकली ना तू?”

“हो.”

“मागंपर्यंत ऐकू आलं,” बाबा म्हणाले.